घरी केलेला ब्रेड उरतो त्याचं काय काय करता?

रविवारची_भट्टी:

नमस्कार मंडळी. पाककृती विभागात टाकू की इथे कळेना, म्हणून इथेच टाकतेय.

आमच्याकडे नवऱ्याला ब्रेड करायचा नाद आहे. २०२० मध्ये तो सगळ्यांनाच लागला होता आणि सगळ्यांचा गेला, आमच्याकडे मात्र मुक्कामाला राहिला. दर रविवारी ५०० ग्रॅम पिठाचा एक लोफ होतो, निम्मी कणीक निम्मा मैदा, बहुतेक वेळा यीस्टचा आणि अंगात आलं की साउरडो (विकतच्या यीस्टऐवजी घरच्या आंबवलेल्या खमिराचा). खाणारी माणसं तीन, त्यात सासूबाई ब्रेड म्हणजे आजारी माणसाचं खाणं समजतात. रविवारी गरम गरम लोणी लावून निम्मा संपतो, सोमवारी डब्यात सँडविच जातं, आणि मंगळवारपासून त्याच्याकडे कोणी बघतसुद्धा नाही. बुधवारी तो ओट्यावर आपटला तर आवाज येतो.

आता अडचण अशी की विकतच्या ब्रेडचं जे जे करतो ते याचं नीट होत नाही. फोडणीचा ब्रेड केला तर अर्धे तुकडे कडक आणि अर्ध्याचा लगदा. बॉम्बे टोस्टला अंडं आतपर्यंत जातच नाही. चुरा करून ठेवते पण आता चुऱ्याचे दोन मोठे डबे भरलेत आणि आम्ही काही रोज कटलेट खात नाही. सासूबाई म्हणतात गाईला घाल.

ओव्हन आहे, एअरफ्रायर नाही. अंडं आम्हा दोघांना चालतं, सासूबाईंना नाही. गोडाचे प्रकार सांगितलेत तरी चालतील पण महिन्यातून एखाद्या वेळी, नवऱ्याची शुगर बॉर्डरवर आहे. आणि अजून एक, फ्रिजमध्ये ठेवला तर जास्तच लवकर दगड होतो असं मला वाटतं, नवरा म्हणतो भ्रम आहे. कोण बरोबर?


माणिकपैंजण:

अहो ताई, आधी फोडणीच्या ब्रेडचं सांगते कारण आमच्या घरात मी त्याच कामासाठी जन्माला आलेय.

विकतचा ब्रेड म्हणजे नुसती हवा, त्यावर पाण्याचा हबका मारला की तो लगेच सगळीकडून सारखा ओला होतो. घरच्या कणकेच्या ब्रेडचा गाभा दाट असतो, कडा जाड असतात, पाणी मारलं की बाहेरचा भाग भिजून चिकट होतो आणि आत कोरडाच राहतो. म्हणून भिजवायचं शेवटी, आधी नाही. तुकडे सुरीने करायचे, हाताने कुस्करायचे नाहीत (शिळ्या पोळीचा कुस्करा करतो तसा मोह होतो, आवरा), बोराएवढे, आणि जाड कडा वेगळ्या काढून त्या त्याहून बारीक चिरायच्या. मग कोरड्या कढईत किंवा तव्यावर मंद आचेवर पाच-सात मिनिटं नुसते परतायचे, बाहेरून खरपूस होईपर्यंत. ते ताटात काढायचे. त्याच कढईत जरा सढळ हाताने तेल, मोहरी, जिरं, हिंग, भरपूर कढीपत्ता, मिरच्या, दाणे, ते तळले गेले की कांदा, कांदा गुलाबी झाला की हळद आणि मग तुकडे. आता ताक. पाणी नाही, ताक! चार जाड स्लाइसना पाव वाटी आंबटसर ताक, हाताने शिंपडत शिंपडत, एका हाताने हलवत. झाकण ठेवून दोन मिनिटं दणदणीत वाफ, गॅस बंद, आणि अजून पाच मिनिटं झाकण काढायचं नाही. ही शेवटची पाच मिनिटं महत्त्वाची, त्यातच ओलावा आतपर्यंत जातो. वरून कोथिंबीर, ओलं खोबरं, लिंबू नको कारण ताक आहे.

मीठ मात्र जपून. घरच्या ब्रेडमध्ये ५०० ग्रॅम पिठाला साधारण १० ग्रॅम मीठ पडलेलं असतंच, त्यामुळे फक्त कांद्यापुरतं घाला.

बाकी माझं मत असं की शिळ्या पोळीचं आपण जे जे करतो ते सगळं घरच्या कणकेच्या ब्रेडला चालतं, आणि विकतच्या पांढऱ्या ब्रेडचं जे जे करतो त्यातलं अर्धं चालत नाही. ब्रेडचे दहीवडे, ब्रेडचे गुलाबजाम, ब्रेड रोल वगैरे विसरून जा, ते सगळे कडा काढलेल्या मऊ पांढऱ्या स्लाइसचे खेळ आहेत. त्याऐवजी थालीपीठ करा. दोन वाट्या भाजणीला एक वाटी ब्रेडचा चुरा पाण्यात भिजवून घट्ट पिळून घाला, कांदा, ओवा, तीळ, तिखट नेहमीसारखं. थालीपीठ आतून मऊ राहतं आणि डब्यात दुपारपर्यंत वातड होत नाही. सासूबाईंना सांगू नका त्यात काय आहे.


खमीरपंथी:

फ्रिजच्या वादात तुम्ही बरोबर, मिस्टरांना दाखवा हे.

ब्रेड शिळा होणं म्हणजे फक्त वाळणं नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेला, एक थेंब पाणी न गेलेला ब्रेडही शिळा होतोच. भाजताना पिठातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो आणि मऊ होतो, थंड झाल्यावर त्याचे रेणू पुन्हा एकमेकांना चिकटून ओळीत बसायला लागतात, स्फटिकासारखे, आणि गाभा कडक होतो. ही क्रिया फ्रिजच्या तापमानाला, म्हणजे शून्याच्या जरा वर ते पाच-सात अंशांत, सगळ्यात जोरात चालते. बाहेर ओट्यावर त्यापेक्षा हळू, आणि फ्रीझरमध्ये उणे १८ ला जवळजवळ थांबते. फ्रिजमधला कालचा भात टोचतो आणि गरम केला की पुन्हा मऊ होतो, ते याच कारणाने. ब्रेडही ६० अंशांच्या वर तापला की पुन्हा बराच मऊ होतो, पण तो परत थंड झाला की आधीपेक्षा लवकर कडक, म्हणून जेवढा खायचा तेवढाच तापवायचा.

तर करायचं असं. रविवारी संध्याकाळी ब्रेड पूर्ण गार झाला की (गरम कापू नका, गाभा गोळा होतो) उरलेला सगळा लगेच कापून टाका, स्लाइसच्या मध्ये बटर पेपरचे तुकडे, झिपवाली पिशवी, हवा काढून थेट फ्रीझरमध्ये. मंगळवारची वाट बघायचीच नाही. तिथून स्लाइस सरळ टोस्टरमध्ये किंवा तव्यावर टाकायची, आधी बाहेर काढून ठेवायची गरज नाही. अशी महिनाभर आरामात टिकते.

अख्खा तुकडा दगड झाला असेल तर नळाखाली धरा, हो, खरंच, कडा सगळीकडून ओल्या करा, कापलेली बाजू भिजू देऊ नका, आणि १८० अंशांवर ८-१० मिनिटं ओव्हनमध्ये. बाहेरून कुरकुरीत आतून मऊ. पण हे एकदाच जमतं.

विकतचा ब्रेड आठवडाभर मऊ राहतो कारण त्यात एन्झाइम आणि इमल्सिफायर असतात, आणि बुरशी येऊ नये म्हणून कॅल्शियम प्रोपिओनेट. आपल्याकडे पीठ, पाणी, मीठ, यीस्ट. त्यामुळे तुलनाच नको.


डोंबिवलीफास्ट_नाही_स्लो:

मुळात लोफ छोटा करा ना. ५०० ग्रॅमचा कशाला तीन माणसांना. ३०० चा करा, प्रश्नच मिटला.


रविवारची_भट्टी:

@डोंबिवलीफास्ट_नाही_स्लो, हे मी सांगून झालंय. "छोट्या लोफमध्ये ओव्हन तापवायची वीज वाया जाते" असं उत्तर मिळालं. पुढे बोला.

@खमीरपंथी, स्क्रीनशॉट फॅमिली ग्रुपवर टाकलाय :)


इसारकाठी:

म्युनिकहून नमस्कार. इथे शिळ्या ब्रेडचं काय करायचं हा प्रश्नच पडत नाही कारण अर्धं बव्हेरियन स्वयंपाकघर त्यावरच चालतं. झेमेलक्न्योडेल हा प्रकार करून बघा, शिळ्या पावाचे उकडलेले गोळे. २५० ग्रॅम शिळा ब्रेड बारीक चिरून (चुरा नाही, पातळ पातळ काप), त्यावर एक कप म्हणजे २५० मिली गरम दूध, झाकून पंधरा-वीस मिनिटं. एक कांदा लोण्यात परतून, भरपूर पार्सली (इथे कोथिंबीर घातली तर कोणी पोलीस येत नाही), दोन अंडी, मीठ, मिरपूड, थोडं जायफळ. हलक्या हाताने कालवायचं, मळायचं नाही. ओल्या हाताने लिंबाएवढे नाही, चांगले संत्र्याएवढे गोळे, आणि मीठ घातलेल्या पाण्यात १५-२० मिनिटं. पाणी खदखदू द्यायचं नाही, नुसतं हलतंय एवढंच, नाहीतर गोळे फुटतात. एक छोटा गोळा आधी टाकून बघा, सुटला तर मिश्रणात दोन चमचे चुरा घाला, तुमच्याकडे दोन डबे आहेतच.

इथे हे मशरूमच्या क्रीमवाल्या रश्श्याबरोबर खातात. आई आली होती तेव्हा तिने ते टोमॅटोच्या सारात सोडले आणि वरून तुपाची फोडणी दिली, तेव्हापासून मी मशरूमकडे वळलेलो नाही. उरलेले गोळे दुसऱ्या दिवशी काप करून तव्यावर लोण्यात खरपूस परतायचे, वरून अंडं फोडायचं. ते तर मूळ पदार्थापेक्षा भारी.

कणीक जास्त असेल तर दूध एकदम सगळं ओतू नका, ब्रेडच्या कोरडेपणावर आहे ते.

आता खरं सांगायचं ते. तुमच्या मिस्टरांसाठी आहे, कारण यात त्यांनाच मजा येईल. शिळा ब्रेड नव्या ब्रेडमध्ये घाला. जर्मन बेकऱ्यांची ही जुनी रीत आहे, विशेषतः राईच्या (मोहरी नव्हे, गव्हासारखं धान्य) ब्रेडमध्ये, आणि इथल्या नियमांतही तिला जागा आहे. शिळ्या स्लाइस ओव्हनमध्ये चांगल्या गडद तपकिरी होईपर्यंत भाजायच्या, जळू द्यायच्या नाहीत, मिक्सरमधून काढायच्या. ५०० ग्रॅम पिठाच्या लोफसाठी ५० ग्रॅम असा चुरा घ्या, त्यावर १०० मिली उकळतं पाणी, झाकून गार करा. ही पेस्ट पिठात घालायची आणि बाकी पाणी नेहमीएवढंच, थोडं हाताला लागेल तसं कमी-जास्त. दोन गोष्टी होतात: एक, भाजक्या चुऱ्यामुळे ब्रेडला खमंग, थोडी माल्टसारखी चव येते जी नुसत्या कणकेला कधीच येत नाही, आणि दोन, या चुऱ्यातला स्टार्च आधीच शिजलेला असल्यामुळे तो पाणी धरून ठेवतो आणि नवा लोफ एक-दोन दिवस जास्त मऊ राहतो. म्हणजे शिळा ब्रेड घालून ब्रेड उशिरा शिळा होतो. दहा टक्क्यांच्या वर जाऊ नका, लोफ बसका होतो. आणि ब्रेड स्वच्छ हवा, लोणी-चटणी लागलेला नको, बुरशीचा तर अजिबातच नको.


माणिकपैंजण:

हे शेवटचं भन्नाट आहे. रविवारचा शिल्लक रविवारी परत पोटात.


गोठा_दवाखाना:

गाईचा विषय निघालाय म्हणून लिहितो, मी जनावरांचा डॉक्टर आहे, सातारा जिल्ह्यात.

ताई, सासूबाईंना माझ्यातर्फे नमस्कार आणि विनंती. एखादा तुकडा हातावर दिला तर काही होत नाही. पण दर आठवड्याला निम्मा लोफ, आणि तुमच्यासारखी गल्लीतली दहा घरं त्याच गाईला तेच घालत असतील, तर ते तिच्या जिवावर येतं. रवंथ करणाऱ्या जनावराचं पोट चारा हळूहळू आंबवण्यासाठी बनलेलं असतं. ब्रेड, भात, पुरणपोळी, पीठ असलं काही एकदम भरपूर गेलं की ते फार झपाट्याने आंबतं, पोटात लॅक्टिक आम्ल साठतं, पोटातले उपयोगी जंतू मरतात, जनावर रवंथ थांबवतं, चारा सोडतं, पातळ हगवण लागते, आडवं पडतं. वेळेत उपचार नाही झाले तर दगावतं. सणावाराच्या, लग्नसराईच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे अशा केस येतातच, श्रद्धेने घातलेल्या नैवेद्याच्या. बुरशी आलेला ब्रेड तर जनावराला मुळीच नाही, "आपण खात नाही म्हणून गाईला" हे तर्कशास्त्रच उलटं आहे.

कुत्र्यांबद्दलही सांगून ठेवतो. साधा ब्रेड थोडा चालतो, पण मनुका घातलेला ब्रेड, कांदा-लसणाचा ब्रेड अजिबात नाही, मनुका कुत्र्याच्या किडन्या निकामी करू शकतात. आणि कच्चं फुगणारं पीठ कुत्र्याच्या तोंडाशी येईल असं ठेवू नका, ते पोटात जाऊन अजून फुगतं आणि त्यात अल्कोहोल तयार होतं, दोन्ही धोक्याचं. पक्ष्यांना घालायचं असेल तर बाजरी-ज्वारी घाला, ब्रेडने त्यांचं पोट भरतं पण मिळत काही नाही.


रविवारची_भट्टी:

डॉक्टर, खूप आभार, हे सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या "मग तो ब्रेड माणसांनी तरी का खावा". यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.


शिवोलीची_शेवंती:

गोंयहून. आमच्याकडे पोदेर (पाववाला) सकाळी आणि संध्याकाळी सायकलवर भोंगा वाजवत येतो, त्यामुळे पाव घरी करायची वेळ येत नाही, पण उरतो मात्र रोज. उंडो (गोल, कडक सालीचा पाव) सकाळचा संध्याकाळपर्यंत चामडं होतो, पोय (कोंड्याचा पाव) जरा बरी. (पूर्वी पीठ माडाच्या सुरेने फुगवायचे, आता बहुतेकांकडे यीस्टच.)

शेजारच्या आंटीकडून शिकलेलं कॅरॅमल ब्रेड पुडिंग सांगते, महिन्यातून एकदाच्या कोट्यात बसेल. ॲल्युमिनियमच्या डब्यात तीन मोठे चमचे साखर थेट गॅसवर वितळवायची, मधासारखा रंग आला की लगेच उतरवायची आणि डबा फिरवून तळाला सगळीकडे पसरवायची, हात जपून. अर्धा लिटर कोमट दुधात चार-पाच स्लाइस (घरच्या जाड असतील तर तीन) भिजवून मिक्सरमधून काढायच्या. कणकेचा ब्रेड असेल तर कडा काढा, नाहीतर पुडिंग खरखरीत लागतं. त्यात तीन अंडी, अर्धी वाटी साखर, व्हॅनिला किंवा जायफळ. डब्यात ओतून वर घट्ट झाकण किंवा फॉइल, कुकरमध्ये पाणी घालून शिट्टी काढून मंद आचेवर ३०-३५ मिनिटं. सुरी घालून स्वच्छ आली की झालं. पूर्ण गार करून फ्रिजमध्ये, मग उलटवायचं. गरम उलटवलंत तर फुटेल.

तिखटात म्हणाल तर उंडो भिजवून पिळून खिम्यात किंवा माशाच्या कटलेटमध्ये घालतो, बटाट्यापेक्षा हलकं होतं. आणि चोरीस (गोव्याचं व्हिनेगर-मसाल्याचं सॉसेज) परतताना शेवटी शिळ्या पावाचे तुकडे त्यात टाकायचे, सगळं तेल आणि व्हिनेगरचा आंबटपणा ते ओढून घेतात. यापुढे ताजा पाव झक मारतो.


मराठवाडी_मुरमुरा:

डबल का मीठा कोणीच कसं नाही सांगितलं? आमच्याकडे निजामाचं राज्य १९४८ पर्यंत होतं, राज्य गेलं पण संभाजीनगरच्या, नांदेडच्या लग्नातून हा पदार्थ काही गेला नाही. स्लाइस त्रिकोणी कापून तुपात तळायच्या, वेलदोडा-केशराच्या पाकात बुडवायच्या, वरून आटवलेलं दूध आणि काजू-बदाम. पण शुगर बॉर्डरवर आहे म्हणता तर मी हे लिहिलंच नाही असं समजा. आणि खरंच कणकेचा ब्रेड यात घालू नका, तूप पितो नुसता आणि पाक पीत नाही.

तुमच्यासाठी चिवडा. ब्रेडचे हरभऱ्याच्या दाण्यापेक्षा थोडे मोठे चौकोनी तुकडे, ओव्हनमध्ये १३० अंशांवर ३०-४० मिनिटं, मध्ये दोनदा हलवून, पूर्ण कोरडे खडखडीत होईपर्यंत. (उन्हाळ्यात गच्चीवर दोन उन्हं दिली तरी होतात.) घाई करून तापमान वाढवलं तर बाहेरून करपतात आणि आत मऊ राहतात आणि मग दुसऱ्या दिवशी चिवडा सादळतो. मग नेहमीची चिवड्याची फोडणी, थोडी जास्त तेलाची: मोहरी, हिंग, कढीपत्ता कुरकुरीत, मिरच्या, दाणे, डाळं, सुक्या खोबऱ्याचे काप, तीळ, हळद, तिखट, शेवटी किंचित पिठीसाखर आणि आमचूर. तुकडे घालून मंद आचेवर पाच मिनिटं हलवत राहायचं म्हणजे मसाला धरतो. गार झाल्यावरच डब्यात. पोह्याच्या चिवड्यापेक्षा दाताला जरा काम लागतं पण चहाबरोबर एक नंबर. साउरडोचा असेल तर आमचूर नको, तो आधीच आंबट.

मी गुळाचा लाडूपण करून पाहिलाय, शिळ्या पोळीच्या लाडूसारखा, चुरा तुपावर भाजून. यीस्टच्या ब्रेडचा बरा होतो. साउरडोचा आंबट लागतो, गूळ आणि आंबट ब्रेड यांचं जमत नाही.


कोकणकन्या_लेट:

मला एक वेगळंच विचारायचंय, पावसाळ्यातलं. आमच्याकडे रत्नागिरीला जुलैमध्ये घरचा ब्रेड दुसऱ्या दिवशी आतून ओलसर चिकट झाला, बाहेर बुरशी काही नाही, पण वास गोडसर, पिकून गेलेल्या अननसासारखा. तोडला तर बारीक तारा सुटत होत्या. भाजून खायला हरकत नाही ना? सासरे म्हणतात टोस्ट केला की सगळं मरतं.


खमीरपंथी:

@कोकणकन्या_लेट, अजिबात खाऊ नका, फेका. ती बुरशी नाही, बॅसिलस जातीचे जिवाणू आहेत. पिठात त्यांचे बीजाणू असतातच, कणकेत आणि कोंड्यात जास्त. लोफ भाजताना बाहेरून कितीही तापला तरी त्याचा मधला भाग १०० अंशांच्या वर जात नाही, आणि हे बीजाणू तेवढ्याला मरत नाहीत. मग दमट गरम हवेत ब्रेड हळूहळू गार होत बसला की ते जागे होतात आणि आतला गाभा पचवून चिकट करतात. तारा आणि अननसाचा वास ही त्याची खूणच. टोस्ट केल्याने बीजाणू जिथे आधी मेले नाहीत तिथे आता मरणार नाहीत, आणि गाभ्याचं जे व्हायचं ते झालेलंच असतं.

पुढच्या वेळी: लोफ नीट भाजा (आत थर्मामीटर घातला तर ९५ च्या आसपास दिसला पाहिजे), टिनमधून लगेच काढून जाळीवर गार करा, फडक्यात गुंडाळून ठेवू नका, आणि पावसाळ्यात पिठात एखादा चमचा व्हिनेगर घाला किंवा साउरडो करा. आंबटपणात हे जिवाणू वाढत नाहीत. ज्या भांड्यात, फडक्यात, ब्रेडच्या डब्यात तो लोफ होता ते गरम पाण्याने आणि व्हिनेगरने धुऊन काढा, नाहीतर पुढच्या लोफला तेच.

आणि साध्या हिरव्या-काळ्या बुरशीबद्दलही, डाग कापून बाकीचा खायचा नाही. ब्रेड मऊ, सच्छिद्र, बुरशीचे धागे डोळ्यांना दिसतात त्याच्या बरेच आतपर्यंत गेलेले असतात. असा ब्रेड वास घेऊनही बघू नका.


कोकणकन्या_लेट:

फेकला. सासऱ्यांना सांगितलं मांजराने नेला.


रविवारची_भट्टी:

एवढं सगळं येईल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. फोडणीचा ब्रेड ताकाने केला, या वेळी खरंच लगदा नाही झाला, कडासुद्धा मऊ लागल्या. शिळा ब्रेड नव्यात घालायचं वाचून नवरा इतका खूश झालाय की आता मुद्दाम जास्त करून उरवेल अशी भीती आहे.

चुऱ्याचे ते दोन डबे मात्र अजून तसेच आहेत. थालीपिठात किती जाणार. काही कोरडं, टिकाऊ, एकदम संपणारं?


गिरगावचा_गजा:

उशिरा आलो. चुऱ्यासाठी दोन गोष्टी.

एक, वड्याबरोबर मिळते तशी सुकी लसणाची चटणी. वीस-पंचवीस पाकळ्या लसूण थोड्या तेलात खरपूस करायचा, एक वाटी किसलेलं सुकं खोबरं वेगळं भाजायचं, अर्धी वाटी दाणे भाजून, दोन चमचे तीळ, आणि दीड वाटी ब्रेडचा चुरा कोरडाच कढईत तांबूस करायचा. काश्मिरी आणि साधं तिखट मिळून तीन चमचे. सगळं गार झाल्यावर मिक्सर थांबवत थांबवत फिरवायचा, एकदम फिरवलं तर खोबऱ्याचं तेल सुटून गोळा होतो. वडापावच्या गाडीवर बेसनाच्या तळलेल्या चुऱ्याने जो कुरकुरीतपणा येतो तो इथे ब्रेडने येतो. फ्रिजमध्ये महिनाभर राहते. हीच चटणी भरल्या वांग्यात घाला, दाण्याचं कूट अर्धं वाचतं आणि रस्सा दाट होतो. सासूबाईंनाही चालेल, अंडं नाही काही नाही.

दुसरं, मासे खात असाल तर. घरच्या कणकेचा चुरा एकटा लावून तळला तर तो मासा शिजायच्या आत करपतो, त्यातल्या कोंड्यामुळे आणि रंग आधीच गडद असल्यामुळे. निम्मा रवा निम्मा चुरा करा, थोडं तांदळाचं पीठ. बोंबील असतील तर आधी पाट्याखाली दाबून पाणी काढून घ्या, मग हे लावून लगेच तव्यावर. लावून ठेवलेत तर चुरा पाणी ओढतो आणि आवरण सुटतं.

चटणीत मीठ सगळ्यात शेवटी, चाखून. चुऱ्यात आधीच आहे.


रविवारची_भट्टी:

दीड वाटी म्हणजे आमटीची वाटी का मोजायचा कप?


गिरगावचा_गजा:

आमटीची. एक डबा तरी संपेल, दोनदा करा.